वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या मसल कारचे इंजिन सुरू करण्यापूर्वी

अमेरिकेत शेतावरच्या कोठारात वीस-वीस वर्षे पडून राहिलेली, रंग उडालेली १९७० ची शेव्हरोले नोव्हा ही मसल कार (म्हणजे ताकदवान इंजिनाची अमेरिकी गाडी) हाती आली, की नवी बॅटरी जोडून लगेच किल्ली फिरवण्याचा मोह होतो; तो आवरावा. आधी सगळे स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, ते एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि मग क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवावे. अडले तर जोर करू नये. पुन्हा तेल सोडून वाट पाहावी.

या गाडीत ३५० घन इंचांचे व्ही-८ इंजिन असल्यास त्याची एक सोय मला फार आवडते. त्याचा ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगना वीज वाटून देणाऱ्या भागाच्या) दांड्यावर चालतो, त्यामुळे तेल व फिल्टर बदलून, खुणा करून डिस्ट्रिब्युटर काढला आणि त्या जागी प्रायमिंगचा (इंजिन सुरू करण्याआधी तेल भरून घेण्याचा) दांडा घालून तो ड्रिलने घड्याळाच्या दिशेने फिरवला, की इंजिन न फिरताच तेलाचा दाब तयार होतो. ड्रिल एकदम जड लागू लागले, की दाब आला असे समजावे. दांड्याभोवती धातूचे कडे (कॉलर) असलेलेच साधन घ्यावे, अन्यथा तेल वरच्या रॉकरांपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांपर्यंत) नीट पोहोचत नाही.

टाकीतले शिळे पेट्रोल वापरू नये. पहिल्यांदा बाहेरच्या लहान डब्यातूनच ताजे पेट्रोल द्यावे. ब्रेकचे रबरी होज (नळ्या) बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. रंगाला मात्र हात लावण्याची घाई नको, कारण ओरखड्यांची धास्ती नसलेली गाडी मनसोक्त चालवता येते.