पिसांकाच्या पिवळ्या रंगात राहणारे फिकट डाग: माझा अनुभव

२०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आलेली युक्रेनची पिसांका ही अंड्यावर मेणाने नक्षी ‘लिहिण्याची’ आणि अंडे एकेका रंगात बुडवत जाण्याची कला आहे; मेणाखालचा भाग पुढचा रंग धरत नाही. तिथल्या भाषेत ‘पिसाती’ म्हणजे लिहिणे. माझ्या अंड्यांवर पहिल्या पिवळ्या रंगातच बोटाच्या टोकाएवढे फिकट डाग राहत आणि पुढे लाल रंगात ते अधिकच उठून दिसत. अंडे रंगात जास्त वेळ ठेवले, रंग दाट केला, व्हिनेगर वाढवले, तर कवचच खडबडीत झाले. चार तासांची नक्षी वाया गेल्यावर चिडचिड होतेच.

दोष रंगाचा नव्हता, माझ्या बोटांचा होता, कारण त्वचेचे तेल लागलेल्या जागी कवच रंग धरत नाही. आता मी कच्चे, तडा नसलेले पांढरे अंडे आधी खोलीच्या तापमानाला येऊ देतो, कारण थंड कवचावर दव धरते आणि मेण बसत नाही. मग साबण अजिबात न वापरता, एक कप कोमट पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून त्यात अंडे जेमतेम अर्धा मिनिट बुडवतो आणि न घासता टिपून घेतो. त्यानंतर उघडे बोट लावत नाही. टिश्यूत धरूनच किस्तकाने, म्हणजे मेणाच्या लेखणीने, रेषा काढतो. रंग पूर्ण निवलेला असावा, नाहीतर मेण वितळते. पिवळा रंग टिपून पुरता वाळल्यावरच पुढचे मेण लावतो. नारिंगीत मात्र मी व्हिनेगर घालत नाही. माझ्याकडची रंगाची पूड त्याने बिघडते.