गाडीचे इंजिन ऑइल घरी बदलावे की गॅरेजमध्ये?

इंजिन ऑइल बदलणे हे गाडीच्या देखभालीतील सर्वांत सोप्या कामांपैकी एक आहे; मात्र ते घरी करावे की नाही, हे हातातील कौशल्यापेक्षा जागेवर अधिक अवलंबून असते. सपाट व टणक जमीन, गाडीखाली शिरण्याची सुरक्षित सोय आणि जुने ऑइल नेऊन देण्याचे ठिकाण या तिन्हींपैकी एखादी गोष्ट जरी नसली, तर गॅरेजचा रस्ता धरावा. खर्चात बचत होते, परंतु पाना, जॅक, स्टँड आणि ऑइल झेलण्याचे पसरट भांडे विकत घ्यावे लागल्यास पहिल्या एक-दोन खेपांची बचत त्यातच जाते. घरी काम करण्याचा खरा फायदा माझ्या मते वेगळा आहे: इंजिनात कोणते ऑइल गेले आणि फिल्टर खरोखर बदलला गेला का, याची शंका उरत नाही.

खरेदीपूर्वी गाडीचे मॅन्युअल उघडून ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० यांसारखी श्रेणी (ऑइल किती पातळ वा दाट, याची खूण), ऑइलचा दर्जा आणि फिल्टरसह लागणारे प्रमाण पाहावे. छोट्या गाड्यांना बहुधा ३ ते ४ लिटर ऑइल लागते, पण अंदाजावर विसंबू नये. फिल्टरबरोबर ड्रेन बोल्टचा, म्हणजे जुने ऑइल काढण्यासाठी उघडायच्या बोल्टचा, नवा वॉशरही आणावा.

इंजिन सुमारे पाच मिनिटे चालवून बंद करावे. कोमट ऑइल पातळ होऊन पूर्ण निथळते. लांबच्या प्रवासाहून आलेल्या गाडीचे ऑइल मात्र हात भाजण्याइतके गरम असते, तेव्हा थोडे थांबावे. हँडब्रेक ओढून मागची चाके सरकू नयेत म्हणून त्यांना उटी लावावी, गाडीचा पुढचा भाग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅकने उचलावा आणि तो स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. या एका बाबतीत मी कोणतीही सवलत मान्य करीत नाही.

आता वरचे ऑइलचे झाकण उघडावे आणि खाली चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याचा) ड्रेन बोल्ट शोधावा. काही गाड्यांत गिअरबॉक्सचा बोल्टही जवळच असतो व अनेकांची गफलत तेथेच होते, म्हणून आकृतीशी ताडून पाहिल्याशिवाय पाना लावू नये. बोल्ट पान्याने सैल केल्यावर तो बोटांनी फिरवावा आणि फिरवताना आत दाबून धरावा. शेवटचा आटा सुटल्याचे जाणवताच हात चटकन बाजूला घ्यावा. ऑइलची धार सुरुवातीला तिरकी लांब पडते आणि जोर ओसरला की सरळ खाली येते, त्यामुळे भांडे सरकवण्याची तयारी ठेवावी. निथळणाऱ्या ऑइलकडेही लक्ष असू द्यावे. काळा रंग स्वाभाविक आहे; परंतु ते दुधाळ दिसले तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) मिसळल्याची शक्यता असते, आणि धातूचा चुरा चमकला तर इंजिन जाणकाराला दाखवणे भाग आहे.

नवा वॉशर घालून बोल्ट आधी हाताने बसवावा आणि मगच पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतका (आवळण्याच्या जोराइतका), आवळावा. अधिक ताकद लावल्यास चेंबरचे आटे जातात, आणि ती दुरुस्ती अनेक वर्षांची बचत गिळते.

डब्यासारखा फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली आहे का, हे अवश्य तपासावे. जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला, तर इंजिन सुरू होताच दाबाने ऑइल बाहेर फेकले जाऊ शकते. नव्या रिंगला ऑइलचे बोट फिरवून फिल्टर हातानेच टेकेपर्यंत बसवावा आणि त्यानंतर त्याच्यावर छापलेल्या सूचनेप्रमाणे, बहुधा पाऊण फेरा, आवळावा. आत कागदी फिल्टर असलेल्या गाड्यांत झाकणाची रिंग बदलावी.

मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रमाणापेक्षा थोडे कमी ऑइल नरसाळ्याने ओतावे, झाकण लावून इंजिन सुरू करावे. ऑइलचा दिवा काही क्षणांत विझला पाहिजे, न विझल्यास ताबडतोब बंद करावे. बोल्ट व फिल्टरभोवती गळती नसल्याची खात्री करून गाडी खाली उतरवावी, पाच-दहा मिनिटे थांबावे आणि डिपस्टिकवरील (ऑइलची पातळी मोजण्याच्या पट्टीवरील) दोन खुणांच्या मधली पातळी पाहून उरलेले ऑइल बेताने घालावे. वरची खूण ओलांडू नये, कारण इंजिनातील फिरत्या दांड्याने, म्हणजे क्रँकशाफ्टने, ऑइल घुसळले गेले तर त्यात फेस होतो व वंगणाचे काम बिघडते.

जुने ऑइल घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ते स्वीकारणाऱ्या गॅरेजला किंवा संकलन केंद्राला द्यावे. गटारात किंवा मातीत ओतणे हा गुन्हा ठरू शकतो आणि त्याने पाणी नासते. वॉरंटीतील गाडीसाठी पावत्या जपून तारीख व किलोमीटर लिहून ठेवावेत. गॅरेजमध्येच काम करवून घेणार असाल, तर सीलबंद डबा समोर उघडायला लावा आणि जुना फिल्टर दाखवायला सांगा.

घरी बदललेल्या गाडीखाली त्या रात्री एक पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी त्याच्यावर थेंब दिसला, तर तो बोल्टखाली आहे की फिल्टरखाली, हे जागेवरूनच कळते.