हांबुर्गला दोन दिवस, युल्त्सनला दोन तास

जर्मनीत शनिवार-रविवारची ट्रिप काढायची असेल तर ती शेवटापासून मागे आखत या. आधी रविवारची परतीची गाडी ठरवा, ती चुकली तर पुढची किती वाजता आहे ते बघा आणि त्यानंतरच शनिवारी किती वाजता उठायचं यावर भांडा. आम्ही सात जणांनी नेमकं उलटं केलं. पहाटेच्या गाडीवर तीन दिवस चर्चा झाली, परतीचं मात्र "बघू तिथे गेल्यावर" असं ठरलं.

मागडेबुर्गच्या ऑटो फॉन गेरिके विद्यापीठात मास्टर्सला येऊन मला तेव्हा सात महिने झाले होते. पहिलं सेमिस्टर पत्त्याची नोंदणी, आरोग्य विमा, बँक आणि परदेशी नागरिक कार्यालयाच्या अपॉइंटमेंटची वाट बघण्यात गेलं. मे उजाडला, रात्री नऊपर्यंत उजेड राहायला लागला आणि होस्टेलच्या सामायिक किचनमध्ये विषय निघाला. बर्लिन सगळ्यांचं बघून झालं होतं. हांबुर्ग ठरलं ते एका मित्रामुळे. तो उरणचा, लहानपणापासून न्हावा-शेव्याचे कंटेनर बघत वाढलेला. "जर्मनीचं सगळ्यात मोठं बंदर बघायचं," एवढाच त्याचा हट्ट.

तारीख ठरवणं हे तिकिटापेक्षा अवघड असतं. इथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि बहुतेकांच्या शिफ्ट शनिवार-रविवारीच असतात. कुणी गोदामात, कुणी रेस्टॉरंटमध्ये. म्हणून निदान तीन आठवडे आधी तारीख पक्की करा, म्हणजे शिफ्ट बदलून घेता येते. आयत्या वेळी फोन करून "आजारी आहे" सांगणं आणि मग बंदरावरचे फोटो स्टेटसला टाकणं हा उद्योग कुणीही करू नये. आमच्यातल्या एकाने केला होता.

आता तिकीट. मे २०२३ मध्ये महिन्याला ४९ युरोने सुरू झालेलं डॉइचलांट-टिकेट, म्हणजेच डी-टिकेट, जानेवारी २०२५ मध्ये ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंचं झालं. बऱ्याच विद्यापीठांत ते साठ टक्के किमतीत सेमिस्टरच्या शुल्कातच येतं, म्हणजे तुमच्याकडे ते आधीच असू शकतं, फोनमध्ये उतरवून घेतलंय का तेवढं बघा. देशभरातल्या रिजनल गाड्या, मेट्रो, ट्राम आणि बस त्यावर चालतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या नाहीत. तिकीट नावावर असतं, त्यामुळे फोटो असलेलं ओळखपत्र जवळ हवं. डी-टिकेट नसलेला मित्र बरोबर असेल तर पाच जणांपर्यंत एकत्र वापरता येणारी दिवसाची ग्रुप तिकिटं मिळतात. भारतातून आलेल्या भावाबहिणीसाठी एका महिन्याचं डी-टिकेट काढलंत तर त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत ते रद्द करा. ती वर्गणी आहे, पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप जातात.

रेल्वेच्या ॲपमध्ये फक्त डी-टिकेटवर चालणाऱ्या गाड्या दाखवण्याचा पर्याय आहे. तो लावा. त्याच्याजवळच गाडी बदलायला कमीत कमी किती वेळ हवा ते ठरवता येतं. ॲप आपणहून पाच-सात मिनिटांचे बदल सुचवतं. तुम्ही निदान वीस मिनिटं टाका. आणि शुक्रवारी रात्री पुन्हा एकदा तपासा, कारण रुळांची कामं बऱ्याचदा शनिवार-रविवारीच काढतात आणि मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस असते. 'एसईव्ही' ही तीन अक्षरं दिसली की समजायचं, तासभर जास्त धरा.

मागडेबुर्ग ते हांबुर्ग रिजनल गाडीने साधारण साडेतीन तास आणि एकच बदल, युल्त्सनला. आयसीई निम्म्या वेळात नेईल की नाही यावर वाद होऊ शकतो, पैसे मात्र नक्की जास्त घेते. मला विचाराल तर हळू गाडीच बरी. आमची गाडी आल्टमार्कच्या सपाट शेतांमधून श्टेंडाल, साल्त्सव्हेडेल करत गेली. साल्त्सव्हेडेलच्या पुढे पूर्व आणि पश्चिम जर्मनीची जुनी सीमा लागते. हा लोहमार्ग कित्येक दशकं तिथे तुटलेला होता, १९९९ मध्ये तो पुन्हा जोडला गेला. बाहेर बघून काहीच कळत नाही. दोन्हीकडे तीच मोहरीसारखी पिवळी शेतं, त्याच पवनचक्क्या. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी काढली. चटणीच्या वासाने समोरच्या आजींनी खिडकीकडे तोंड केलं, पण थोड्या वेळाने त्यांनीच "हे काय?" म्हणून विचारलं.

सात जण जास्त होतात, हे हांबुर्गच्या मुख्य स्टेशनवर उतरल्या उतरल्या कळलं. ते जर्मनीतलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन, रोज पाच लाखांहून अधिक माणसं. आमचा दादरचा मित्र "ही काय गर्दी?" म्हणून हसला आणि दोन मिनिटांत हरवला. चार-पाच जणांपर्यंत एका टेबलावर बसता येतं, एका खोलीत झोपता येतं आणि निर्णय होतो. त्याच्या वर गेलात की वेळ टॉयलेट शोधण्यात आणि एकमेकांची वाट बघण्यात जातो. टॉयलेटला पैसे लागतात, सुट्टी नाणी खिशात ठेवा.

राहायला आम्ही लांडुंग्सब्र्युकेन या बोटींच्या धक्क्याच्या वरच्या टेकडीवरचं युथ हॉस्टेल घेतलं होतं, खाली थेट बंदर. या साखळीत राहायला सभासदत्व लागतं. नाश्ता आणि चादरी खोलीच्या भाड्यातच येतात. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही न्या. हांबुर्गमध्ये मुक्कामावर शहराचा वेगळा कर आहे, तो बुकिंगच्या रकमेत धरलाय का ते वाचून घ्या. रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते. आमच्या मराठी गप्पांचा आवाज किती चढतो ते आम्हाला शेजारच्या खोलीने दार वाजवून सांगितलं.

शनिवारी काय बघितलं, याची यादी देत नाही. पैसे न लागणाऱ्या गोष्टी सगळ्यात चांगल्या निघाल्या, एवढं सांगते. ६२ नंबरची फेरी लांडुंग्सब्र्युकेनहून फिंकेनव्हेर्डरला जाते. ती पर्यटकांची बोट नाही, शहराच्या वाहतुकीचा भाग आहे, त्यामुळे डी-टिकेटवर चालते. शेजारीच बंदराच्या सफरीची तिकिटं ओरडून विकत असतात. आम्ही पाकिटं काढणार, तेवढ्यात एका हांबुर्गकराने "मोइन" म्हणून आम्हाला फेरीच्या रांगेकडे पिटाळलं. मोइन म्हणजे नमस्कार, आणि इथे तो सकाळी, दुपारी, रात्री कधीही चालतो. वरच्या डेकवर वारा इतका की टोपी हातात धरावी लागते. समोर कंटेनरच्या क्रेन, एकेक जहाज गावाएवढं. उरणचा मित्र पहिल्यांदाच गप्प होता. मग म्हणाला, "आमच्याकडं असंच आहे रे, फक्त तिथं आम्हाला आत सोडत नाहीत."

परतताना नॉयम्युलेनला उतरलो. तिथे एल्बे नदीच्या काठाला खरीखुरी वाळू आहे आणि २१७ टनांचा एक धोंडा. हिमयुगात बर्फाने स्वीडनहून वाहून आणलेला, १९९९ मध्ये नदी खोल करताना सापडला. लोक त्याला 'म्हातारा स्वीडिश' म्हणतात. त्याला टेकून चिवडा खाल्ला.

जुना एल्बे बोगदाही फुकट. १९११ चा, नदीखालून सव्वाचारशे मीटर चालत पलीकडे जायचं. मोटारी खाली नेण्यासाठी बांधलेल्या जुन्या लिफ्ट, भिंतींवर मासे-खेकड्यांची नक्षी. पलीकडच्या काठावरून अख्खं हांबुर्ग एका फोटोत बसतं.

श्पाइशरश्टाट म्हणजे लाल विटांच्या गोदामांची वस्ती, २०१५ पासून जागतिक वारसा यादीत. १८८३ मध्ये ती बांधायला घेताना तिथल्या सुमारे वीस हजार लोकांना घरं सोडावी लागली. कॉफी, चहा, मसाले, गालिचे इथे जकातीविना साठवता यावेत म्हणून ही सोय. तिच्या टोकाला कोकोच्या जुन्या गोदामावर काचेची लाट चढवलेलं एल्बफिलहार्मोनी हे संगीतगृह. २०१० ला व्हायचं ते जानेवारी २०१७ ला उघडलं आणि खर्च सुमारे ८६ कोटी ६० लाख युरोंवर गेला. जर्मन लोक सगळं वेळेत आणि बजेटमध्ये करतात, असं घरी फोनवर सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ३७ मीटरवरच्या गच्चीवर मात्र जाच. छोट्या रेल्वेंचं प्रसिद्ध प्रदर्शन आम्हाला बघता आलं नाही. वेळेचं तिकीट आधी काढायला हवं होतं, रांग बघूनच परतलो.

सेंट निकोलाई चर्चपाशी आमची बडबड थांबली. १४७ मीटरचा मनोरा उभा आहे, खाली नुसत्या भिंती. जुलै १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात वैमानिकांनी याच मनोऱ्यावरून दिशा ओळखली, असं तळघरातल्या संग्रहालयात कळतं. त्या काही दिवसांत हजारो माणसं जळून आणि गुदमरून गेली. त्याच्या आधीच्याच वर्षी, ११ सप्टेंबर १९४२ ला, याच शहरात सुभाषबाबूंच्या उपस्थितीत 'जन गण मन' वाद्यवृंदावर वाजवलं गेलं होतं. शाळेत कधीतरी वाचलेलं हे वाक्य तिथे उभं राहून आठवलं आणि त्याच्याभोवती केवढं युद्ध होतं ते कळलं.

रात्री रेपरबानला, म्हणजे बार, क्लब आणि लाल दिव्यांच्या वस्तीच्या रस्त्याला, एक चक्कर मारली. पोलीस असतात, मुख्य रस्ता वाहता असतो, एकत्र असलात तर मुलींनाही अडचण नाही. गल्लीबोळांत शिरू नका, फोन मागच्या खिशात ठेवू नका. आम्हाला पाऊण तासात कंटाळा आला.

लवकर परतलो ते बरंच झालं, कारण रविवारचा मासळीबाजार उन्हाळ्यात पहाटे पाचला भरतो आणि साडेनऊला उठतो. १७०३ पासूनची ही प्रथा, लोकांना नंतर चर्चला जाता यावं म्हणून वेळ अशी. विक्रेते गाडीवर चढून जे ओरडतात, त्याला जर्मन यायची गरज नाही, आपल्या आठवडी बाजाराची सवय पुरते. "अजून एक टाकतो, अजून एक टाकतो" करत माणूस पिशवी भरतो. आम्ही दहा युरोंत फळांची एवढी मोठी टोपली घेतली की ती दिवसभर पाळीपाळीने वाहावी लागली. पावात कच्चा खारवलेला हेरिंग आणि कांदा घातलेलं फिशब्र्योट्शेन सगळ्यांनी खाल्लं. उरणकरांचा निकाल: "मासा ताजा आहे, पण बिचाऱ्याला कोकम दाखवलं नाही कुणी." न खाणाऱ्यांसाठी फ्रान्त्सब्र्योट्शेन, दालचिनी-साखरेचा चपटा पाव.

रविवारी दुकानं बंद. हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकाल आणि तरी एकदा उपाशी राहाल. पाणी आणि खाणं शनिवारीच घ्या. मोठ्या स्टेशनातली काही दुकानं उघडी असतात, पण तिथे भाव चढे आणि रांग लांब.

संध्याकाळी साडेसहाच्या गाडीत उभं राहायला जेमतेम जागा मिळाली. युल्त्सनला बदलायला नऊ मिनिटं होती. गाडी ल्युनेबुर्गच्या अलीकडे शेतात थांबली आणि आम्ही सतरा मिनिटं उशिरा पोचलो. पुढची दोन तासांनी, तीच त्या रात्रीची शेवटची. उशीर झाला तर डी-टिकेटवर आयसीईत बसता येतं, असं एकाने छातीठोकपणे सांगितलं. बसता येत नाही. स्वस्त तिकिटांना ती सवलत लागू नाही, दंड झाला असता. तासाभरापेक्षा जास्त उशिराची भरपाई मागता येते, डी-टिकेटवर ती दीड युरो आहे आणि चार युरोंच्या आत पैसे देत नाहीत. म्हणजे असे तीन उशीर साठवायचे.

पण युल्त्सनचं स्टेशन हुंडर्टवासर या ऑस्ट्रियन कलाकाराच्या आराखड्याने नवं केलेलं आहे. २००० मध्ये काम पुरं झालं, त्याआधी काही महिने तो गेला. फुगीर रंगीत खांब, वर सोनेरी गोळे, पायाखाली चढउतार असलेली फरशी. शनिवारी आम्ही तिथून धावत गेलो होतो, कुणी मान वर केली नव्हती. आता दोन तास होते. एकाने प्रत्येक खांबाचा फोटो काढला. मी टोपलीतली शेवटची केळी वाटली आणि खर्चाचा हिशोब उघडला. माणशी ७१ युरो. व्हिसासाठी जे ११,९०४ युरो बँकेत अडकवलेले असतात त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. त्यातून खोलीचं भाडं आणि विमा वजा जाता हे ७१ छोटे नाहीत, म्हणून अशी ट्रिप मी सेमिस्टरला दोनच ठेवते.

मागडेबुर्गला पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. सकाळी सव्वासातला लॅब होती, सातांपैकी चार जण पोचले. पुढची ट्रिप लायप्त्सिगची. तिची परतीची गाडी सगळ्यात आधी ठरली आहे, दुपारी चारची.