टॉवरचं पार्किंग आखताना या चुका टाळा

नागपुरात रामदासपेठेतल्या एका नव्या टॉवरच्या बेसमेंटमध्ये एक कॉलम आहे. गुडघ्याएवढ्या उंचीवर त्याचा कोपरा झडलाय, आतली सळई दिसते आणि भोवती पांढरे, लाल, राखाडी रंगांचे ओरखडे एकावर एक बसलेत. रहिवासी एकमेकांच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवतात. मी टेप लावला. दोन कॉलममध्ये मोकळी जागा ६.९ मीटर, आणि नकाशात तिथे तीन गाड्या! एका गाडीला अडीच मीटर धरले, तरी साडेसात लागतात.

ही सगळ्यात महागडी चूक. आधी वरचे फ्लॅट आखायचे, मग कॉलम जिथे उतरतील तिथे उरलेल्या जागेत गाड्या कोंबायच्या. खोल्यांची मापं आणि गाड्यांची मापं आपोआप कधीच जुळत नाहीत. म्हणून कॉलम ठरवतानाच पार्किंगचा नकाशा टेबलावर हवा. तीन गाड्यांसाठी कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत आठ मीटरच्या पुढेच जावं लागतं, आणि काटकोनात गाडी वळवायला समोर सहा मीटरचा रस्ता सोडावा. वरच्या भिंती खाली आणायच्याच नसतील, तर मध्ये ट्रान्सफर स्लॅब, म्हणजे वरचा भार वेगळ्या जागच्या खालच्या कॉलमवर नेणारा जाड स्लॅब, घ्यावा लागतो. तो महाग पडतो, पण पाया घातल्यावर हे सुचलं तर काहीच करता येत नाही.

रॅम्पचं गणित तर अगदी सरळ आहे. उतार १:१० ठेवला, तर तीन मीटर खाली जायला तीस मीटर लांबी लागते. धरमपेठ-सीताबर्डीच्या छोट्या प्लॉटवर ती बसत नाही, म्हणून उतार १:६ करून टाकतात. मग माथ्यावर गाडीचं पोट घासतं आणि पावसात ॲक्टिव्हा घसरते. लांबी नसेल तर बेसमेंटचा हट्ट सोडा, पोडियम (जमिनीच्या वर उचललेला पार्किंगचा मजला) किंवा कार लिफ्ट घ्या. रॅम्प बांधायचाच असेल, तर वरचे आणि खालचे तीनेक मीटर निम्म्या उताराचे ठेवा आणि पृष्ठभागावर आडव्या खाचा पाडा.

पाण्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यानंतर मी एका सोसायटीत गेलो. तिथे पंप होते, चालू स्थितीतलेच. पण त्यांचं विजेचं पॅनेल बेसमेंटच्याच भिंतीवर, कमरेएवढ्या उंचीवर. पाणी तिथवर चढलं आणि पंप बंद. सगळ्या गाड्या बुडाल्या. एक आजोबा चिखलाने भरलेल्या गाडीचं दार धरून नुसते उभे होते. ते अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

पॅनेल आणि जनरेटर तळमजल्यावरच, तेही उंच ओट्यावर हवेत. पंप दोन असावेत. रॅम्पच्या माथ्यावर आणि पायथ्याशी जाळीचा आडवा चर हवा. रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा द्या, पण तो आजच्या रस्त्यावरून मोजू नका. आपल्याकडे सिमेंट रस्ते झाले आणि कितीतरी प्लॉट रस्त्याच्या खाली गेले, हे विसरून चालणार नाही. जुन्या इमारतीत निदान पॅनेल वर हलवा आणि रॅम्पच्या तोंडाला खाचांत बसणाऱ्या फळ्यांचा अडसर करून घ्या. दोन्ही कामं एका उन्हाळ्यात होतात.

अग्निशमनाची गाडी पोडियमवर येणार असेल, तर स्लॅब ४५ टन पेलणारा आणि वळणाची त्रिज्या ९ मीटर हवी. नंतर त्याच वाटेवर कुंड्या आणि पाहुण्यांच्या गाड्या लावू देऊ नका. बीमखालची उंची मोजताना स्प्रिंकलरचा पाइप त्याहून खाली येतो, हे धरा. दुचाकींना वेगळी जागा आखली नाही, तर त्या जिन्याच्या दारात उभ्या राहतात, आणि आगीच्या वेळी बाहेर पडायला तोच रस्ता लागतो. ई-गाड्यांच्या चार्जिंगसाठी केबलचे पाइप आणि विजेचा भार आत्ताच धरा, नंतर स्लॅब फोडावा लागतो.

फ्लॅट घेणाऱ्यांनी करारनामा नीट वाचावा. महारेराने (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने) एप्रिल २०२४ पासून त्यात पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि जागा लिहिणं बंधनकारक केलंय. ताबा घेण्याआधी स्वतःची गाडी घेऊन जा, आपल्या जागेत रिव्हर्स लावा आणि चारही दारं उघडून बघा.