रोज लिहायचं चॅलेंज घेताय? कादंबरी करायची असेल तर या चुका टाळा

नाशकात कादंबरी लिहायला घेतलेली माणसं ढिगानं सापडतील, पूर्ण केलेली शोधावी लागतात. तीस दिवसांचं चॅलेंज घ्यायचं, रोज एक विषय येणार, रोज ठरलेले शब्द लिहायचे आणि महिना संपला की कादंबरी तयार, असं वाटून जोरात सुरुवात होते आणि शेवटी मोबाईलमध्ये वीस-पंचवीस तुकडे पडलेले असतात ज्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. म्हणून चॅलेंज वाईट असं नाही हां. सातपूर-अंबडला शिफ्ट करून, नाहीतर घरचं सगळं आवरून रात्री साडेदहाला लिहायला बसणाऱ्याला रोजचं टार्गेट नसेल तर लिहून होतच नाही. पण चॅलेंजचं काम तुम्हाला खुर्चीत बसवायचं, गोष्ट कुठे न्यायची ते तुम्हीच बघायचं. बहुतेक गडबड होते ती लोक गोष्टीचं ऐकायचं सोडून चॅलेंजचं ऐकायला लागतात तिथे.

विषय आला की तेवढाच लिहून मोकळं होणं

ही सगळ्यात मोठी चूक, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

समजा तुमची कादंबरी जुन्या नाशकातल्या एका कुटुंबाची आहे. तिवंध्याजवळ वाडा, भांडी बाजारात पिढीजात दुकान, मागे गोदाम. घरात दोन जावा, थोरली अलका आणि धाकटी वैशाली. अलकाचा नवरा जाऊन वर्ष झालंय, बिल्डर चकरा मारतोय, आणि सगळ्या कादंबरीचा प्रश्न एकच की विकायचं का नाही हे ठरवणार कोण. आता बाराव्या दिवशी चॅलेंजचा विषय येतो "पाऊस". बहुतेक जण काय करतात, अलकाला खिडकीत उभं करतात, पागोळ्या, मातीचा वास, नवऱ्याबरोबर सोमेश्वरला खाल्लेलं कणीस, डोळ्यात पाणी, झाले चारशे शब्द, मारली टिक. वाचायला बरं वाटतं. पण हे पान फाडून टाकलं तर कादंबरीचं काय बिघडतं? काहीच नाही.

आता तोच पाऊस आपल्या नदीचा करा. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली मूर्ती, पूर किती ते आपण तिच्यावरून बघतो) छातीला पाणी लागलं असा फोटो ग्रुपवर फिरतोय, सराफ बाजारापासून सगळे दुकानदार माल वर चढवायला लागलेत. अलका धावत गोदामाकडे जाते तर तिथे नवीन कुलूप. फोन लावते.

"वैशाली, गोदामाची किल्ली?"
"ह्यांच्याकडे आहे ना ताई, ते मुंबईला गेलेत, रात्री पंचवटी एक्सप्रेसने येतील."
"कुलूप कधी बदललं?"
"मागच्याच आठवड्यात. तुम्हाला सांगायचंच राहिलं बघा."

पाऊस आहेच, विषयही पाळलाय, पण आता अलकाला कळलंय की तिला न विचारता कुलूपं बदलली जातायत, आणि रात्री दीर आल्यावर घरात काहीतरी होणार आहे. उद्याचं लिहायला आपोआप मिळालं. आणि गंमत म्हणजे यात पावसाचं वर्णन दोन ओळींचंसुद्धा नाही.

तेव्हा विषय आला की लगेच टायपायला सुरुवात करू नका, आधी एकच ओळ लिहा, की या विषयामुळे आज माझ्या गोष्टीत कोणाचं काय अडणार. ओळ सुचली तर लिहा, नाही सुचली तर विषय सरळ सोडून द्या आणि तुमच्या गोष्टीत पुढे जे घडायचंय ते लिहा, कोणी पोलीस पाठवत नाही.

याच्याच पोटातली दुसरी चूक म्हणजे इंग्रजी याद्यांमधले विषय जसेच्या तसे घेणं. बर्फात अडकलेली केबिन वगैरे. अहो त्या विषयाला बर्फ नकोच आहे, त्याला न पटणारी दोन माणसं एका जागी कोंडलेली हवीयत. दीर-भावजयीला एका गाडीत बसवा, कसारा घाटात कंटेनर आडवा करा, चार तास गाडी हलू देऊ नका, झालं काम.

दुसऱ्याचा आकडा, दुसऱ्याचा महिना

दिवसाला १,६६७ शब्द हा आकडा खूप ठिकाणी दिसतो. तो आला नॅनोरायमोवरून, म्हणजे महिन्याभरात कादंबरी लिहायच्या चॅलेंजवरून. १९९९ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात २१ जणांनी मिळून ते सुरू केलं, पुढच्या वर्षीपासून ते नोव्हेंबरात व्हायला लागलं, ३० दिवसात ५०,००० शब्द म्हणजे रोजचे १,६६७. ते चालवणारी संस्था बंद होत असल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं, आकडा मात्र सगळीकडे राहिला. आता हा हिशोब इंग्रजीचा. आपल्याकडे "गोदामासमोरच्यांनासुद्धा" हा एकच शब्द मोजला जातो, तेच इंग्रजीत लिहायला पाच-सहा शब्द लागतील. म्हणजे मराठीत १,६६७ शब्द हे काम त्यांच्यापेक्षा बरंच जास्त होतं, आणि लोक दुसऱ्या आठवड्यात दमतात ते आळशी असतात म्हणून नाही.

रोज ५०० धरा. शंभर दिवसात ५०,००० होतात, कोणाला घाई आहे?

आणि नोव्हेंबरच कशाला पाहिजे, दिवाळी कधी कधी त्यातच येते, ती गेली की तुळशीचं लग्न आणि मग माणसांची लग्नं सुरू. गंगापूर रोडच्या लॉन्सवर रोज संध्याकाळी एक आमंत्रण असतं. माझ्या मते आपल्याकडे सुरुवात करायला बेस्ट काळ पितृपक्ष. लग्न नाही, साखरपुडा नाही, वास्तुशांत नाही, नवीन खरेदी नाही, संध्याकाळ आपली. आपल्याकडे काही शुभ सुरू करत नाहीत तेव्हा, पण कादंबरी लिहिणं शुभ का अशुभ हे अजून कुठे ठरलंय? शिवाय तेवढ्या पंधरवड्यात हात बसला की नवरात्रात थोडं मागेपुढे झालं तरी चालतं.

तयारी शून्य किंवा तयारीच तयारी

काही जण काहीच न ठरवता उतरतात आणि आठव्या दिवशी गोष्ट कशाबद्दल आहे हेच आठवत नाही. दुसरे असे की पात्राचा शंभर प्रश्नांचा फॉर्म भरतात, आवडता रंग, रास, रक्तगट, मिसळ लाल रश्श्याची का काळ्या, आणि या सगळ्यात दोन महिने जातात. कादंबरी बसते तिथेच.

एक पान पुरतं. कोणाला काय हवंय, ते मिळू नये म्हणून कोण आडवं येतंय आणि त्याचं म्हणणंही बरोबर कसं आहे (हे विसरतात लोक, आणि मग दीर नुसता मिशीवाला व्हिलन होतो), नाही मिळालं तर काय जाणार, आणि आत्ता तरी शेवट काय वाटतोय. शेवट नंतर बदलला तरी चालेल.

एका गोष्टीची तयारी मात्र नक्की करा ती म्हणजे कॅलेंडर. रोज सुटे तुकडे लिहिताना काळाचा गोंधळ हमखास होतो. रहाडीत (रंगाच्या जुन्या हौदात) रंगपंचमी खेळून आलेली माणसं पुढच्या तुकड्यात गणपती बसवतात. द्राक्षाचं तर विचारूच नका, निफाड-दिंडोरीकडची गोष्ट लिहिणाऱ्यांनी एवढं तरी बघावं की ऑक्टोबरच्या आसपास गोड्या बहाराची, म्हणजे फळासाठीची छाटणी होते, माल निघायला साधारण जानेवारी उजाडतो आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे माल निघाल्यावरची. तुमचा नायक श्रावणात द्राक्षाची क्रेट भरत असेल तर पिंपळगावचा वाचक तिथेच पुस्तक मिटणार. बारा महिन्यांचे बारा रकाने आखा, सण, पीक, परीक्षा, पाणी सोडायचे दिवस टाका, आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर महिना लिहा.

रोजचं रोज ग्रुपवर टाकणं

सुरुवातीला मजा येते, "खूप छान", "पुढचा भाग कधी" वगैरे. पण हळूहळू काय होतं की टाळ्या हव्यात म्हणून प्रत्येक तुकड्याला शेवटी एक झटका द्यायची सवय लागते, रोज एक छोटी कथा संपते. कादंबरीत उलट आहे, तिथे आजचं काहीतरी उद्यावर लटकत राहिलं पाहिजे. शिवाय ग्रुपमधली मावशी म्हणते अलका बिचारी किती सोसते, की तुम्ही अलकाला अजून बिचारी करता. ग्रुपवर फक्त आकडा टाका, आज ४८०, आज ५२०. मजकूर एकालाच दाखवा, तोही महिन्यानंतर.

मागे जाऊन रंगरंगोटी करणं

पहिलं प्रकरण सहा वेळा सुधारलं आणि दुसरं नाहीच, अशा वह्या घरोघरी असतील. पंधराव्या दिवशी सुचलं की वैशालीला मुलगा नाही, मुलगी पाहिजे, तर मागे जाऊन बदलू नका. चौकटी कंसात तिथेच लिहा, "आजपासून मुलगी, मागे बदलायचं", आणि पुढे चला.

दिवस बुडाला की दुप्पट लिहायचं ठरवणं

तीन दिवस पाहुणे होते, म्हणजे १,५०० बाकी, अधिक आजचे ५००, म्हणजे आज २,०००. हे होत नसतं भो. मग उद्या २,५०० होतात आणि परवा माणूस ॲप डिलीट करतो. बुडालेले दिवस बुडाले, बाकी काढायचीच नाही. आज आजचेच ५०० लिहायचे आणि शेवटची तारीख तीन दिवस पुढे ढकलायची.

अडकलं तर काय बघायचं

पात्रं नुसती चहा पीत बसलीयत आणि बोलतायत, पण काही होत नाहीये? याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की त्यांच्यात कोणीच काही लपवत नाहीये. एकाला असं काहीतरी माहीत असू द्या जे दुसऱ्याला कळून चालणार नाही. वैशालीला माहितीय की तिच्या नवऱ्याने टोकन घेतलंय बिल्डरकडून. आता तोच चहा लिहून बघा, ती कप किती वेळा विसळेल.

सगळे एकसारखंच बोलतायत? मोठ्यानं वाचा, नावं झाकून. अलका लहानपणापासून गावठाणातली, वैशालीचं माहेर येवल्याकडचं, बिल्डरचा पोरगा कॉलेज रोडवर वाढलेला, तो वाक्यात तीनदा "बेसिकली" म्हणणार. निवेदन कोणत्याही मराठीत करा पण बोलताना प्रत्येकाला ज्याची त्याची भाषा पाहिजे.

दुसरीच भारी आयडिया सुचतेय? विसाव्या दिवसाच्या आसपास ती येतेच येते, आणि ती भारी वाटते कारण तिच्यात अजून अडचणी दिसलेल्या नाहीत. वेगळ्या फाईलमध्ये चार ओळी लिहून ठेवा आणि परत भांडी बाजारात या.

सलग तीन दिवस काहीच सुचत नसेल तर बहुतेक वेळा चूक आजच्या पानात नसते, चार-पाच तुकडे मागे कोणीतरी सोयीसाठी ऐकून घेतलेलं असतं. अलकानं कुलूप बघितलं आणि गप्प घरी आली असं लिहिलं असेल, तर पुढे लिहायला काय उरणार? तेवढ्यापुरतं मागे जा, एकच वाक्य टाका, तिनं कुलूपवाल्याला बोलावलं.

टायपिंगची भानगड

मोबाईलवर बोलून टाईप करणारे खूप आहेत, बाईकवरून उतरल्या उतरल्या पार्किंगमध्ये उभं राहून बोलतात, चांगलंच आहे, फक्त त्यात पूर्णविराम आणि अवतरणं बऱ्याचदा पडत नाहीत आणि कोण कोणाला म्हणालं हे आठ दिवसांनी तुम्हालाच कळत नाही. त्याच रात्री पाच मिनिटं काढून खुणा टाका, बाकी शुद्धलेखन राहू द्या. लिहा ते युनिकोडमध्येच, जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की चिन्हांची खिचडी दिसते. आणि स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवायची सवय सोडा, एक फाईल, तारीखवार, आठवड्याला एकदा स्वतःला मेल. मोबाईल पाण्यात पडायला पूरच यावा लागतो असं नाही.

महिना संपला की लगेच "कादंबरी झाली" म्हणणं

झालेली नसते. झालेला असतो कच्चा माल. आठ-दहा दिवस त्याला हात लावू नका, मग सगळं प्रिंट काढा (मोबाईलवर हे काम होत नाही, खरंच नाही), कुठेतरी शांत जागी बसा, घरी जमत नसेल तर वाचनालय आहेच, आणि प्रत्येक तुकड्यासाठी एका चिठ्ठीवर एकच ओळ लिहा: इथे कोणाला काय कळलं किंवा कोणाचं काय गेलं. ज्या तुकड्यासाठी अशी ओळ लिहिताच येत नाही तो बाजूला, मग भाषा कितीही गोड असो, सोमेश्वरचं कणीसवालं पान त्यातच जाणार. उरलेल्या चिठ्ठ्या महिन्यांच्या क्रमानं जमिनीवर मांडा. लगेच दिसतं की कुलूप बदललं आणि थेट कोर्टाची नोटीस आली, मधे दीर रात्री पंचवटीने उतरून घरी आला तो प्रसंग लिहिलेलाच नाही. अशा जेवढ्या रिकाम्या जागा सापडतील तेवढ्या एका कागदावर उतरवून घ्या, पुढच्या महिन्याचे रोजचे विषय तेच, आणि सुरुवात त्या रात्रीपासून करा.