४ टीबीची डिस्क अर्धीच दिसतेय? परत करायच्या आधी आकडा नीट बघा

नवीन ४ टीबीची हार्ड डिस्क पीसीला लावली आणि जेमतेम २ टीबी दिसली, की लोक सरळ दुकानात परत न्यायला निघतात. थोडं थांबा. बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते, गडबड असते ती पार्टिशन टेबलची (डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत त्याची डिस्कवरचीच यादी) नाहीतर मधल्या डॉकची (डिस्क यूएसबीने पीसीला जोडायचं उपकरण), आणि कुठली गडबड आहे ते दिसणाऱ्या आकड्यावरूनच कळतं, म्हणून सुरुवात आकड्यापासून करायची.

१) स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात डिस्क ०, डिस्क १ असे चौकोन दिसतील, त्यातच साइझ लिहिलेली असते. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसली किंवा ४ टीबीची ३७२६ जीबी, तर सगळं बरोबर आहे. कंपनी एक लाख कोटी बाइटला १ टीबी म्हणते आणि विंडोज १०२४ च्या हिशेबाने मोजतं, एवढाच फरक.

पण पट्टी दोन तुकड्यांत दिसतेय, एक २०४८ जीबीचा आणि दुसरा १६७८ च्या आसपासचा 'अनअलोकेटेड' (न वापरलेली जागा), आणि त्या दुसऱ्यावर राइट क्लिक केलं तर न्यू सिंपल व्हॉल्यूम फिकं झालेलं, क्लिकच होत नाही? मग डिस्क एमबीआर आहे, म्हणजे तिचं पार्टिशन टेबल जुन्या पद्धतीचं आहे. ही पद्धत १९८३ ची, तिच्यात सेक्टरचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा) नंबर लिहायला फक्त ३२ बिट आहेत, एक सेक्टर ५१२ बाइटचा, त्यामुळे हिशेब २०४८ जीबीलाच संपतो. यावर उपाय म्हणजे जीपीटी, ही पार्टिशन टेबलची नवी पद्धत.

तिसरा प्रकार जास्त घाबरवणारा, ३ टीबीची डिस्क चक्क ७४६ जीबी दिसते. जुन्या स्कूटरचं मीटर ९९९९९ नंतर परत शून्यावर यायचं ना, तसंच इथे होतं, जुना यूएसबी डॉक किंवा जुना स्टोरेज ड्रायव्हर २०४८ नंतर पुन्हा शून्यापासून मोजतो आणि २७९४ मधले उरलेले ७४६ दाखवतो. अशा वेळी कृपा करून फॉरमॅट मारू नका, आधीचा डेटा असेल तर हकनाक जाईल. डिस्क थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला (पीसीच्या आत डिस्क जोडायची जागा) लावा, ड्रायव्हर अपडेट करा, डॉक बदलून बघा.

२) खात्री करा. डिस्क १ (किंवा तुमचा जो नंबर असेल तो) लिहिलेल्या चौकोनावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स टॅब. तिथे पार्टिशन स्टाइलसमोर एमबीआर की जीपीटी ते लिहिलेलं असतं. अगदी कोरी डिस्क लावल्यावर विंडोज स्वतःच 'इनिशियलाइझ' करायचं विचारतं, तिथेच जीपीटी निवडलं तर पुढची कटकटच नाही.

३) डेटा दुसरीकडे कॉपी करा आणि कॉपी झालेल्या दोन-चार फायली उघडून बघा. डिस्क मॅनेजमेंटमधून एमबीआरचं जीपीटी करायचं तर सगळी पार्टिशन डिलीट करावी लागतात, त्यामुळे ही पायरी गाळायची नाही म्हणजे नाही.

४) पार्टिशन डिलीट झाली की त्याच चौकोनावर राइट क्लिक करून 'कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क'. काही सेकंदांचं काम.

ज्या डिस्कवर विंडोज आहे तिला मात्र असं करता येत नाही. तिच्यासाठी विंडोज १० च्या १७०३ व्हर्जनपासून एमबीआर२जीपीटी नावाचं टूल सोबतच येतं, ते कमांड प्रॉम्प्टमधून अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं, आधी व्हॅलिडेट (नुसती तपासणी) आणि ते पास झालं तरच कन्व्हर्ट. यात डेटा जागेवर राहतो, तरी बॅकअप हवाच. कन्व्हर्ट झाल्यावर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन बूट मोड लेगसीवरून, म्हणजे जुन्या पद्धतीवरून, यूईएफआय या नव्या पद्धतीवर करावा लागतो, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही, म्हणून तुमच्या बोर्डला यूईएफआय आहे का हे आधी बघून घ्या, नसेल तर या डिस्कला हातच लावू नका.

५) आता पूर्ण ३७२६ जीबीवर न्यू सिंपल व्हॉल्यूम, फॉरमॅट एनटीएफएस, बाकी डिफॉल्ट राहू द्या. डिस्क मॅकलाही लावायची असेल तर एक्सफॅट घ्या. एफएटी३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, लग्नाचा व्हिडिओ कॉपी करताना हमखास अडतो.

एक गोष्ट एक्स्टर्नल डिस्कवाल्यांसाठी. काही मोठ्या एक्स्टर्नल डिस्कच्या केसिंगमधलं सर्किट पीसीला ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचा सेक्टर सांगतं, त्यामुळे एमबीआर असूनही २ टीबीच्या वर चालतं. तीच डिस्क केसिंगमधून काढून थेट साटाला लावली की विंडोजला काहीच ओळखू येत नाही आणि ते फॉरमॅट करायचं विचारतं. नाही म्हणा, परत त्याच केसिंगमध्ये घाला, डेटा तिथूनच बाहेर काढा आणि मगच डिस्क पीसीत बसवून जीपीटी करा.