अजिंक्यताऱ्यावर चालणाऱ्यांनो, चरबीच्या बाबतीत या चुका टाळा

भर मे महिन्यात पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढावर प्लास्टिकचं जर्किन घालून चालणारी माणसं भेटतात. घाम जास्त म्हणजे चरबी जास्त वितळली, असा त्यांचा हिशेब. पण घाम म्हणजे पाणी आणि मीठ. घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायलं की गेलेलं वजन परत. उन्हाळ्यात जिवालाही धोका आहे. ते जर्किन आजच काढा.

चरबी उष्णतेने वितळत नाही, ती संप्रेरकांच्या हुकमाने सुटते. चढ लागला की रक्तात अ‍ॅड्रेनालिन वाढतं, मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनालिन सुटतं. चरबीच्या पेशीवरच्या बीटा ग्राहींना, म्हणजे संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनांना, ते चिकटलं की आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो. (याच रेणूवरच्या कामातून अर्ल सदरलँड यांना १९७१ चं नोबेल मिळालं.) मग प्रोटीन कायनेज ए हे विकर कामाला लागतं, चरबीच्या थेंबाभोवतीचा पेरिलिपिन या प्रथिनाचा पहारा सैल होतो आणि लायपेज ही चरबी तोडणारी विकरं एका ट्रायग्लिसराइडमधून (साठवलेल्या चरबीच्या रेणूमधून) तीन मेदाम्लं एकेक करून सोडवतात. मागे राहतं ग्लिसरॉल. बारावीच्या मुलांनी एवढं लक्षात ठेवावं : पहिलं मेदाम्ल सोडवण्याचं मुख्य काम हार्मोन सेन्सिटिव्ह लायपेजचं नाही, एटीजीएल या दुसऱ्या लायपेजचं. ते २००४ मध्ये सापडलं, म्हणून जुन्या नोट्समध्ये नसतं.

सुटली म्हणजे जळली, ही मला सर्वांत मोठी गैरसमजूत वाटते. मेदाम्लं अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला धरून रक्तातून स्नायूंकडे जातात. स्नायू चालत असतील तर जळतात, नाहीतर बरीचशी पुन्हा ट्रायग्लिसराइड होऊन साठतात. ताणानेही अ‍ॅड्रेनालिन वाढतं, पण खुर्चीत बसून ताण घेतल्याने कोणी बारीक होत नाही. ‘फॅट बर्नर’ पावडरवर पैसे घालण्याआधी हे आठवा.

नुसत्या पोटाच्या व्यायामाने पोटच उतरेल, हीही आशा सोडा. अ‍ॅड्रेनालिन रक्तातून सगळीकडे जातं, म्हणून चरबीही सगळीकडून सुटते. मांड्या-नितंबांच्या पेशींवर मात्र चरबी अडवणारे अल्फा-२ ग्राही जास्त असतात, म्हणून तिथली हट्टी.

‘अंगात ताकद हवी’ म्हणून निघण्याआधी गोड चहा-बिस्किटं खाल्ली की इन्सुलिन वाढतं. ते सायक्लिक एएमपी मोडायला लावतं आणि चरबी सुटणं काही वेळ मंदावतं. अर्थात वजन ठरतं ते दिवसभराच्या खाण्यावर, त्या एका कपावर नाही.

पण यावरून ‘इन्सुलिनच बंद करून बघू’ असं टाइप १ मधुमेह असलेल्याने चुकूनही करू नये. चरबीवरचा लगाम सुटतो, मेदाम्लांचा लोंढा यकृतात जातो, तिथे त्यांच्यापासून बनणारे आम्लधर्मी कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी होतं. उलट्या, पोटदुखी, धाप, श्वासाला फळासारखा वास आला तर ताबडतोब दवाखाना गाठा. आणि इन्सुलिन घेणाऱ्याने गड चढताना खिशात साखरेची पुडी ठेवावीच. चालताना साखर एकदम उतरू शकते, तेव्हा ती लगेच तोंडात टाकायची आणि तिथेच खाली बसायचं.